मोरदऱ्याच्या उपकेंद्रातली अकरा मिनिटं

मी या पेजवर आजवर चौदा गोष्टी लिहिल्या. चौदाच्या चौदा खोट्या.

वडावरची बाई खोटी. घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा खोटा. 'माझ्या मित्राच्या मामासोबत घडलेला प्रसंग' तर सगळ्यात खोटा. मला मित्रच नाहीत.

ही पंधरावी. ही खरी आहे. पटली नाही तर पुढं सरका. पण खाली 'स्टोरी भारी आहे भावा' असलं काही लिहू नका. एवढी एकच विनंती.

तारीख १४ मे २०२५. वार बुधवार. पाथर्डी तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं एक आरोग्य उपकेंद्र. गावाचं नाव बदलून मोरदरा केलंय. आरोग्य खात्यातल्या साहेबांच्या भीतीनं नाही. तिथल्या बायांना कोणी जाऊन छळू नये म्हणून.

आणि रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. कुत्री रडत नव्हती.

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ऊन असं, की सावली भिंतीला चिकटून बसलेली.

तेव्हा मी ते ऐकलं...

पण त्याआधी माझी बहीण सांगावी लागेल.

जया. माझी थोरली. मी तिला आक्का म्हणायचो. मोरदऱ्यात ती सोळा वर्षं नर्स होती. कंत्राटी. दरवर्षी अकरा महिन्यांचा कागद, मग एक दिवस घरी, मग परत नवा कागद. सोळा वेळा तिला नोकरीवरून काढलं आणि सोळा वेळा घेतलं. उपकेंद्राच्या मागच्या खोलीत एकटी राहायची. नवरा दुसऱ्या तालुक्यात कारखान्यावर, दुसऱ्या बाईबरोबर. त्याचं नाव लिहून माझा हात मी खराब करत नाही.

आक्का कविता लिहायची.

वही विकत आणायची नाही. बाद झालेल्या फॉर्मच्या पाठीवर लिहायची. एका बाजूला गरोदर मातेचं रक्त किती, वजन किती. दुसऱ्या बाजूला कविता.

तालुक्याच्या कविसंमेलनात तिला एकदाच बोलावलं. सगळ्यात शेवटी. मांडववाला खुर्च्या उचलत होता तेव्हा. दोन मिनिटं दिली. वाचून खाली उतरली तर व्यासपीठावरचे एक गुरुजी म्हणाले, "बाई, जरा प्रसन्न लिहीत जा. तुमच्या कवितेला दवाखान्याचा वास येतो."

आक्का म्हणाली, "माझ्या हाताला पण येतो, गुरुजी."

परत तिला कोणी बोलावलं नाही.

सोळा वर्षांत तिच्या दोनच ओळी कायमच्या लोकांसमोर आल्या. उपकेंद्राच्या भिंतीवर, निळ्या रंगात. 'सुई एका क्षणाची, झोप आईच्या हक्काची.' खाली लिहिलंय 'संकल्पना', आणि पुढं तालुक्याच्या आरोग्य साहेबांचं नाव.

आणि मी? मी बारावी नापास. पाथर्डीत स्टँडजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. मी तिला म्हणायचो, "आक्का, असल्या कविता कोण वाचतंय? भुताचं लिही. लाईक येतात."

ती हसायची. म्हणायची, "हनुमा, मी रोज बघते ते लिहिलं तर तुझी भुतं गाव सोडून जातील."

नोव्हेंबर २०२४ मध्ये आक्का गेली. उपकेंद्रातच. ऑनलाइन माहिती भरता भरता टेबलावर डोकं ठेवलं, ते उचललंच नाही. डोक्यातली नस फुटली होती.

ऑफिसातून पहिला फोन मलाच आला. मला वाटलं, सांत्वन करणार.

"त्यांच्याकडचा टॅब कुठंय?"

हे पहिलं वाक्य. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

आता ती गोष्ट, जिच्यामुळं आक्का मेली. डॉक्टर म्हणतात नस. मी म्हणतो मेमो.

७ फेब्रुवारी २०२४. तोही बुधवारच. लसीकरण उरकलं होतं. आशा कार्यकर्ती रतनबाई लसीची निळी पेटी परत द्यायला मोठ्या दवाखान्यात गेली होती. आक्का एकटी. तेवढ्यात टेम्पो दारात आला. ऊसतोडीच्या अड्ड्यावरून आणलेली पोरगी आत झोपलेली. राजेश्वरी, वय बावीस, दिवस भरलेले. बरोबर सासू रंगुबाई. नवरा अंगद तिकडंच, फडात.

आक्कानं डॉक्टरला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, निघालोच. तो दीड तासानं आला.

दोन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. आणि राजेश्वरीचं रक्त थांबेना.

दोन जीव. दोन हात. एक हात आईच्या पोटावर दाबून धरलेला. दुसऱ्या हातात बाळाच्या तोंडावर हवा देणारी पिशवी.

आई वाचली. त्याचा मेमो आला नाही.

बाळ गेलं. त्याचा आला.

आणि इथं सगळं एका गोष्टीवर येऊन अडलं. बाळ रडलं होतं का?

आक्का म्हणत होती, रडलं. बारीक, थांबत थांबत, पण रडलं. अकरा मिनिटं जिवंत होतं. तेवढ्यात डॉक्टर असता तर...

पण जिवंत जन्मून मेलं तर चौकशी लागते. डॉक्टर कुठं होता, गाडी कुठं होती, सगळं निघतं. मेलेलंच जन्मलं तर रकान्यात एक टिंब दिलं की झालं. म्हणून वरच्यांना टिंब पाहिजे होतं. राजेश्वरी बेशुद्ध होती, तिला काही ठाऊक नाही. खोलीत शुद्धीवरचं दुसरं माणूस एकच. रंगुबाई. तिनं कागदावर अंगठा दिला. मूल मेलेलंच जन्मलं.

मग गावात तेच चाललं. नर्सबाईनं उशीर केला, पोर पोटातच मेली, आता रडली म्हणून थापा मारती.

शेवटी मेमोला दिलेल्या आक्काच्या खुलाशातही 'मृत जन्म' असंच गेलं. सही तिचीच. ते कसं गेलं ते पुढं सांगतो. आत्ता जीभ रेटत नाही.

त्या सहीनंतर आक्कानं कविता लिहिली नाही. एकही नाही.

आता १४ मे.

सकाळी साडेअकराला फोन आला. आक्काच्या जागी आलेली नर्स, अश्विनी. भिंगारची पोरगी, पंचवीस-सव्वीसची. रडत होती.

"दादा, तुमच्या ताईंची एक वही आहे इथं. प्लीज येऊन घेऊन जा. माझ्याकडून मोठी चूक झालीय."

गाडी काढली. साडेबाराला पोचलो. लसीकरण संपत आलं होतं. खऱ्या पोरांच्या आया पोरं उचलून घरी निघालेल्या. आत रतनबाई अश्विनीवर तोंड सोडून बसली होती.

"अवो सिस्टर, इचारायचं तरी एकांदं! मी भाचीच्या लग्नाला गेल्ते, मेले नव्हते मी!"

"मला काय माहीत, आशाताई? नावं होती, आईचं नाव होतं, तारीख होती, मोबाईल नंबर होता..."

"मंग डावीकडचं पान वाचाया काय झालं हुतं?"

मी वही हातात घेतली. जाड पुठ्ठ्याची. जुन्या लसीकरण कार्डांच्या खाली, कपाटाच्या तळाला सापडली होती. मी ती कधी बघितली नव्हती.

उजव्या पानावर तक्ता आखलेला, लसीच्या यादीसारखा. बाळाचं नाव. आईचं नाव. तारीख. मोबाईल. वजन. वजनाचा रकाना सगळा कोरा.

डाव्या पानावर कविता.

उजवीकडं लिहिलेलं, ओंकार. डावीकडं...

*ओंकार,*
*तुझ्या आईनं कोयता खाली ठेवला*
*तेवढ्यात तू येऊन गेलास.*
*मुकादमानं विचारलं, मोळ्या किती झाल्या?*

पान उलटलं. राजनंदिनी.

*राजनंदिनी,*
*तुझं टोपडं तुझी आई अजून धुते.*
*कोणी घालत नाही.*
*तरी मळतं, म्हणते.*



ही मेलेल्या पोरांची यादी होती. सगळी जन्मतानाच गेलेली. आमच्याकडं असल्या पोराचं बारसं होत नाही. नाव ठेवत नाहीत. बापमाणसं फडक्यात गुंडाळून बांधाला पुरून येतात, आईला जागासुद्धा सांगत नाहीत. आक्कानं त्या प्रत्येक आईला गाठून विचारलं होतं, नाव काय ठेवणार होतीस?

नऊ नावं होती.

आणि अश्विनीवर वरून धोशा, सुटलेली बालकं शोधा, यादी शून्य करा. तिला वाटलं, ही सुटलेली बालकं. सोमवारी तिनं नऊच्या नऊ नावं सरकारी अ‍ॅपमध्ये भरली.

मंगळवारी मेसेज गेले. 'आपले बाळ ओंकार याचे लसीकरण बाकी आहे. बुधवारी उपकेंद्रात आणावे.'

मी विचारलं, "खाली नाव कोणाचं गेलं?"

अश्विनी माझ्याकडं बघेना.

"दादा, मला अजून लॉगिन मिळालं नाहीये. जानेवारीपासून मागते. मी... मी त्यांच्याच लॉगिनवर काम करते."

म्हणजे मेसेजच्या खाली नाव होतं, आरोग्य सेविका जया.

माणूस मरून सहा महिने झाले. सरकारनं टॅब दोन दिवसांत नेला. नाव तिथंच कामाला ठेवलं.

"चला, फोन लावू बायांना. माफी मागू," मी म्हणालो.

रतनबाई दाराकडं बघत होती.

"आता कशाला," ती म्हणाली. "आल्या की त्या."

आल्या. एकेक करून आल्या. चपला बाहेर काढल्या, आत येऊन फरशीवर भिंतीला टेकून बसल्या. नुकत्याच ऊसतोडीवरून परतलेल्या बाया. हाताला अजून कोयत्याचे घट्टे. कोणाच्या हातात मूल नव्हतं. एकीच्या हातात धुतलेलं, पांढरं टोपडं होतं.

मी रतनबाईला हळूच विचारलं, "मेसेज चुकून गेलाय हे त्यांना कळलं नाही का?"

"त्यान्ला काय करायचं चूक का बरुबर? दरसाली मे म्हैन्यात समद्या येत्यात. जयाबाई पोरांच्या सुया झाल्या की दार लोटायच्या, आन् ही वही काढायच्या. नाव घ्यायच्या. आईनं म्हनायचं, आलाय. बास. तेवढंच. मंग समद्या आपापल्या घरी."

"मला कधी बोलली नाही आक्का."

"तुमी इचारलं हुतं का?"



आठ झाल्या. नववी येणार नाही असं वाटलं, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"कुटंय ती नर्स? मेल्याली पोरगी आमची! तिला सुई टोचाया बोलीवता व्हय? लाजा हायेत का?"

रंगुबाई. मागं राजेश्वरी. राजेश्वरीच्या हातात मोबाईल, तोच मेसेज उघडलेला. ती तक्रार करायला आली नव्हती. तिनं चप्पल काढली, आत आली आणि बाकीच्यांच्या शेजारी बसली.

"ऊठ," रंगुबाई म्हणाली.

"बसू द्या आत्याबाई."

"ऊठ म्हंते ना!"

"त्यांच्या पोरांचं नाव घेत्यात. माझ्या पोरीचं बी घेऊ द्या."

टोपडंवाली बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी जयाबाईंचे भाऊ ना? घ्या की मग नावं."

खरं सांगतो, मला पळून जायचं होतं. पण नऊ बाया समोर बसलेल्या. मी वही उघडली.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला.

आणि मग जाणवलं, की बाहेर काहीच आवाज नाही. हातपंप बंद. कडुनिंबावरचे कावळे गप्प. इतका वेळ दारात खेळणाऱ्या पोरांचा कालवा... नाही.

"ओंकार," मी वाचलं.

हिरव्या लुगड्यातली एक बाई म्हणाली, "आलाय."

आणि कुर्र झालं.

बाळांचं वजन करायचा काटा असतो ना, झोळीचा, तो दाराच्या चौकटीला टांगलेला होता. वर घड्याळासारखी तबकडी, खाली कापडी झोळी. झोळी रिकामी होती. मी डोळ्यांनी बघत होतो, रिकामी होती.

ती खाली ओढली गेली...

काटा हलला. दोनच्या थोडा पुढं जाऊन थांबला.

वारा नव्हता. पंखा बंद होता. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

हिरव्या लुगड्याची बाई उठली. झोळीपाशी गेली. दोन्ही हात झोळीत घातले आणि काहीतरी उचललं. काहीच नव्हतं. पण तिनं उचललं. झोळी वर गेली. काटा शून्यावर आला. ती हात छातीशी वाकडा धरून जागेवर येऊन बसली आणि हळूहळू हलायला लागली. झोपवायला हलतात तशी.

अश्विनीनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. ती खूण चार दिवस होती.

"रतनबाई, हे दरवेळी होतं?"

रतनबाईचं तोंड पांढरं पडलं होतं. "न्हाई वो. नुसती नावं घ्यायच्या. काटा कदीच हालला न्हाई."

थांबावं म्हणलं. पण पुढची बाई बघत होती. तिचा नंबर होता. लसीला आलेल्या बाईचा नंबर चुकवून चालतं का?

"राजनंदिनी."

"आलीय."

कुर्र...

टोपडंवाली उठली. झोळीत टोपडं धरलं. ते टोपडं कशावर तरी घातल्यासारखं फुगलं. गोल.

मी बघितलं नाही पुढं. वहीत डोकं घातलं आणि वाचत गेलो. वाल्मिक. आलाय. कुर्र... दर नावाला कुर्र. आठ नावं. आठ बाया हात वाकडे करून हलत होत्या. आणि मघापासून एक वास येत होता. स्पिरिट आणि खोबरेल तेलाचा. आक्काच्या हाताचा वास.

नववं पान.

उजवीकडं लिहिलेलं. सृष्टी. आई राजेश्वरी. ७ फेब्रुवारी २०२४.

डावीकडचं पान कोरं.

"नगं घेऊ," रंगुबाई दारातून म्हणाली. मघाचा तोरा उतरला होता. "ती मेल्यालीच जल्मली. कागदावर हाय तसं."

"घ्या नाव," राजेश्वरी म्हणाली.

"सृष्टी."

"आलीय."

झोळी हलली नाही.

आम्ही सगळे काट्याकडं बघत होतो. काटा शून्यावर. एक मिनिट. दोन मिनिटं. राजेश्वरीचे हात पुढं पसरलेले, तसेच.

रंगुबाईनं सुस्कारा सोडला. "बगितलं का? म्हनलं नव्हतं मी? तिच्यात जीवच नव्हता, तर..."

आणि तेव्हा ते आलं...

आतल्या खोलीतून. जिथं बाळंतपणाचं टेबल आहे तिथून. दार बाहेरून कडी लावून बंद होतं.

बारीक. मांजराचं पिल्लू असावं इतकं बारीक. थांबलं. परत आलं.

बाळ रडत होतं.

अश्विनीनं कडी काढली. टेबल रिकामं. रबराची चादर घडी घालून ठेवलेली. रडणं त्या टेबलावरून येत होतं. आमच्यापासून दोन हातांवर. आणि तिथं काही नव्हतं.

मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं.

राजेश्वरी आत गेली. टेबलाच्या कडेला उभी राहिली. तिच्या झंपरावर दोन ओले डाग पडले आणि वाढत गेले. पंधरा महिन्यांनी. मी पुरुष माणूस, मला हे लिहायला नको. पण मी बघितलं आणि बघितलेलं झाकायचा मला आता वीट आलाय.

कोणी हललं नाही. आम्ही ऐकत राहिलो. रडणं थांबायचं, आम्हाला वाटायचं संपलं, मग परत. दर वेळी आधीपेक्षा बारीक. काहीतरी करा असं वाटत होतं. काय करणार? त्या दिवशी करायचं होतं, तेव्हा फोन बंद होता.

दोन वाजून एकवीस मिनिटांनी ते थांबलं.

परत आलं नाही.

रंगुबाई उंबऱ्यात खाली बसली होती. दोन्ही हातांनी तोंड दाबून.

"असंच," ती म्हणाली. "असंच रडली हुती गं. असंच."

राजेश्वरी वळली. "तुमी ऐकलं हुतं?"

"सायेब म्हनले, जित्ती हुती म्हनलीस तर पोरीला फाडावं लागंल. कापून बघत्यात म्हनले, मशीन लावून. येवडीशी पोर, राजे. मी म्हनलं, नगं. लावा अंगठा कुटं लावायचा तितं."

"आन् मला सव्वा वरीस सांगितलं, की नर्सबाईनं..."

रंगुबाईनं पदर तोंडावर ओढला.

माझं डोकं फिरलं. तोंडात शिव्या आल्या. म्हातारे, तुझ्या एका अंगठ्यानं माझी बहीण गेली, असं ओरडायला मी तोंड उघडलं...

आणि उघडंच राहिलं.

कारण आक्काचा खुलासा मी टाईप केला होता.

माझ्याच दुकानात. आक्का शेजारी स्टुलावर. ती सांगत होती, मी बडवत होतो. 'बाळ जन्मल्यावर रडले. अकरा मिनिटे जिवंत होते.' मी थांबलो.

"आक्का, हे वाक्य काढ."

"का?"

"त्यांना तेच नकोय. काढलंस तर नोकरी राहील. एका वाक्यानं काय होतंय?"

बाहेर बस लागली, भरली, गेली. मग म्हणाली, "काढ."

मी बॅकस्पेस दाबून धरली. एकेक अक्षर मागं मागं जात पुसलं गेलं. सगळ्यात शेवटी गेलं ते 'बाळ'. त्या जागी मी 'मृत जन्म' टाकलं.

रंगुबाईचा अंगठा होता. माझी बॅकस्पेस होती. मी कोणत्या तोंडानं बोलणार?

वही घेऊन घरी आलो. बायका कधी गेल्या, कशा गेल्या, मला नीट आठवत नाही. जाताना त्यांचे हात मोकळे होते, एवढं आठवतं.

संध्याकाळी वही उघडली.

वजनाचा रकाना भरलेला होता.

निळ्या पेनानं. आक्काच्या अक्षरात. ती दशांशाचं टिंब जरा वर द्यायची, तसंच. दोन पूर्णांक एक. एक पूर्णांक नऊ. आठ पोरांची आठ वजनं. दिवसभर वही माझ्या हातात होती, मग गाडीच्या डिकीत. कोणी शिवलं नव्हतं.

सृष्टीच्या पुढं वजन नव्हतं. त्या दिवशी आक्काचे दोन्ही हात गुंतले होते.

पण डावीकडचं कोरं पान कोरं नव्हतं. आठ पानांवर कविता आहेत. या पानावर कविता नव्हती. एक शब्द होता.

*रडली.*

खाली, कागदावर साक्षीदार घेताना लिहितात तसं,

*समक्ष:*

आणि पुढं मोकळी जागा.

मी तिथं बराच वेळ बसलो. मग सही केली. हनुमंत.

दुसऱ्या दिवशी रंगुबाईला दुकानात बसवून अर्ज टाईप केला. राजेश्वरी शेजारी, त्याच स्टुलावर. 'बाळ रडले होते.' यावेळी एक अक्षर पुसलं नाही. ऑफिसात नेला. तिथला माणूस वाचून हसला. "सव्वा वर्षानं आठवलं का, आजी?" मग मला म्हणाला, "ते रेकॉर्ड आता लॉक झालंय. अर्ज ठेवून जा."

ठेवून आलो. उत्तर नाही. अश्विनीची बदली झाली. नऊ नावं अ‍ॅपमध्ये अजून आहेत, काढता येत नाहीत म्हणे. राजेश्वरीच्या मोबाईलवर सृष्टीच्या पुढच्या लसीची तारीख येत असते. ती मेसेज पुसत नाही. त्याच्या खाली अजून आक्काचंच नाव असतं.

माझं म्हणाल तर, सही केल्यापासून एक सुरू झालंय.

दर बुधवारी दोन वाजून दहा मिनिटांनी मला ते ऐकू येतं. दुकानात, झेरॉक्स मशीनच्या मागून. बारीक. थांबत थांबत. गिऱ्हाइकांना येत नाही. मी शटर अर्धं ओढतो आणि आत बसून राहतो. आधी कान झाकायचो. आता झाकत नाही.

रडण्याची भीती वाटत नाही आता. रडतंय तोवर ती आहे.

दोन एकवीस जवळ आले की मी घड्याळाकडं बघत नाही...